आबांची टक्केवारी

आबा सावंत कुणाच्याही घरी आले की चपला काढायच्या आत विचारायचे, "पोराला किती पडलं?" आकडा ऐकला की तोंड असं करायचे, जसा कुणी कारल्याचा रस पाजलाय. "ऐंशी? त्यात काय! आमच्या येळंला..." त्यांच्या वेळेला ते स्वतः सातवीला दोनदा बसले होते, हे गल्लीत कुणी काढत नसे. आम्ही फार संस्कारी माणसं.

राजारामपुरीत आमच्या समोरच राहायचे. सगळा जन्म गुळाच्या अडतीत गेला, तरी गल्लीतल्या पोरांच्या शिक्षणावर शेवटचा शब्द त्यांचा. निकाल बोर्ड लावायचं, शिक्का आबा मारायचे.

माझ्या वैशालीचा इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला. दोनशेपैकी एकशे अठ्ठावीस. आबांनी बोटांवर हिशोब केला. "चौसष्ट टक्के! वहिनी, हिला कोण घेतंय? बीएला घाला आन् स्थळं बघा की." आमचे हे मान डोलावत बसले. आबांपुढं त्यांची मान दुसरं काही करतच नसे. आतल्या खोलीत पोरगी रडून रडून सुजली. दोन वर्षं तिनं क्लास आणि घर यापलीकडं काही बघितलं नव्हतं.

मग मात्र मी उठले. "आबा, सौद्यात गुळाचा भाव कशावर ठरतो हो?"

"आवकंवर. त्या दिशी बाकीच्यांचा माल कसा आलाय, त्येच्यावर."

"मग हिचे मार्क एकटेच घेऊन काय बसलाय? पेपर अवघड होता. बाकीच्यांना किती पडले, विचारलंत? गेल्या वर्षी इथल्या कॉलेजात शेवटचा प्रवेश कितीवर झाला, ते तरी?"

आबांनी पुन्हा बोटं मोजायला घेतली आणि हिशोब अर्ध्यावरच सोडला. हे गल्लीत पहिल्यांदाच घडत असावं. मग म्हणाले, "च्या मारी, व्हय की!" आणि ह्यांच्यावरच उखडले, "अवो, मान काय हलवताय नुसती? फॉर्म भरा की पोरीचा!"

वैशालीला इथंच मेकॅनिकलला जागा मिळाली. पेढे आबांनीच वाटले, "मी म्हणलोच हुतो" असं घरोघर सांगत. तोंडात पेढा असल्यामुळं आम्हाला काही बोलता आलं नाही.

पुढं काही वर्षांनी आबा वारले, त्याच आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात भेटले होते. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, शुगर चारशे आहे."

आबांनी कण्हत विचारलं, "वार्डात बाकीच्यांची किती हाय?"

"तुमचीच सगळ्यात जास्त."

आबांनी माझ्याकडं मान वळवली. "बघा वहिनी, आलो का न्हाय मेरिटात?"