ठेक्यावरचं गाऱ्हाणं

आज शेजारच्या नव्या दुकानात नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं, "व्हय म्हाराजा" ऐकू आलं आणि मी मनाने थेट राजापूरजवळच्या त्या जुन्या जत्रेच्या स्टेजवर पोचलो.

रत्नागिरीचा आमचा चौघांचा बँड. दोन गिटार, ड्रम, आणि गाणारा, उड्या मारणारा मी. तिसऱ्या गाण्यात अशी उडी मारली की खाली येईपर्यंत दुसरं कडवं डोक्यातून साफ गेलं. गाणं मीच लिहिलेलं, तरी शब्द आठवेना. ड्रमवाला बिचारा तोच ठेका वाजवत राहिला.

कार्यक्रमाआधी आमच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारे म्हातारे गुरव पुढेच बसले होते. ते उठले आणि हात जोडून ओरडले, "बा देवा म्हाराजा, ह्या पोराला शब्द आठवू दे रे म्हाराजा!"

अख्खी जत्रा ठेक्यावर गरजली, "व्हय म्हाराजा!"

शब्द काही आठवले नाहीत. गुरव मागत गेले, जत्रा गरजत राहिली आणि शेवटी मीही त्यांच्यासोबत तेच गायलो.

तेव्हा वाटलं, भर जत्रेत चेष्टा झाली आपली. राग कितीतरी दिवस गेला नाही. पण इतक्या माणसांनी एकदम माझ्यासाठी पुन्हा कधीच काही मागितलं नाही.