विरजण न घालता

२००५ च्या मार्चमध्ये माझा नवरा श्रीधर गेला. सकाळी तो ऑफिसला निघाला. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला.

मी संख्याशास्त्र शिकले आहे. योगायोग किती सहज घडतात हे ठाऊक असल्यामुळे गेलेल्या माणसाने खूण दिल्याचे अनुभव मी वाचून सोडून देत आले. तरी हे लिहिते आहे...

आम्ही अ‍ॅरिझोनात, चँडलरला राहायचो. माझं काम म्हणजे रँडम आकडे तयार करून चिप किती टिकेल याचा अंदाज बांधणं. कॉम्प्युटरचे हे आकडे खरे रँडम नसतातच. सुरुवातीला ‘सीड’ म्हणून एक संख्या दिली, की दर वेळी तेच आकडे येतात. नाही दिली, तर मशीन घड्याळावरून स्वतःच एक घेतं. हे मला श्रीधरने ओट्यापाशी शिकवलं, दही लावता लावता.

“सीड म्हणजे विरजण गं. तेच विरजण, तेच दही.”

“आणि विरजण नाही घातलं तर?”

“तरी तेच दही लागलं, तर मला हाक मार. असेन तिथून बघायला येईन!”

त्याचं सीड ठरलेलं — आमच्या पुण्यातल्या पहिल्या खोलीचा नंबर. आधी नॉर्मल, मग एक्स्पोनेन्शियल, मग पॉयसन, अशा तीन प्रकारच्या वितरणांचे आकडे तो याच क्रमाने काढायला लावायचा. शिकताना ते मला पाठच झाले होते.

तो गेल्यावर मी कामावर परतले, तेव्हा टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. सीड न देताच नॉर्मलचे तीन आकडे मागितले. आले ते त्याच्या सीडचे. एक्स्पोनेन्शियल — त्याचेच. पॉयसन — तेही.

मी हळूच म्हटलं, “श्री...”

शेजारून नागपूरचा प्रशांत डोकावला. “मला बोलावलंस?”

“नाही रे... हे बघ. सीड न देता जुनेच आकडे आलेत.”

“राहिलं असेल कुठेतरी सीड.”

“मशीन आजच उघडलंय, प्रशांत.”

“मग रीस्टार्ट कर ना यार!” मी त्याचा हात धरायच्या आत त्याने बटण दाबलं.

पुन्हा चालवलं, तर भलतेच आकडे. “बघ, झालं ठीक!” तो खूश होता.

नंतर कितीदा तरी चालवून पाहिलं. ते आकडे परत आले नाहीत. घड्याळावरून नेमकं तेच सीड उचललं जाणं अशक्य नाही, एवढंच मी म्हणू शकते. पण मी हाक मारली होती — आणि तो आला होता का, हे बघायला मला वेळच मिळाला नाही.

दही मी अजून घरीच लावते. विरजण त्याच्या वेळचंच आहे.