एकशे दोन गाठी, आणि एक

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. फादरांनाही नाही. कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकून दारू, शिव्या, चुकवलेली मिस्सा – असलं सगळं सांगायचो आणि हे तेवढं गिळून उठायचो.

माझी बायको फिलू गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या पडवीत अळूच्या पानांच्या जुड्या बांधत होतो. वसईजवळ गिरीजला आमची छोटी वाडी आहे. मी केळीच्या सोपटाचे बंद फाडून देत होतो, ती बांधत होती. मध्येच तिनं विचारलं, "किती झाल्या?" मी मोजून म्हटलं, चाळीस. "नीट मोजल्या ना?" म्हणाली आणि पुढची जुडी उचलली.

फिलू स्वतः मोजत नसे. बावीस वर्षं तिनं काही मोजलं नाही. जुड्या नाही, अंडी नाही, घरात आलेली माणसं नाही. आमच्या मुलींना वाटतं, तिला येतच नव्हतं. येत होतं – माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मग थांबली का? तेच लिहायला बसलोय, आणि बघा, अजून अळूच्या जुड्यांपाशीच घुटमळतोय.

तेव्हा आम्ही डुकरं पाळायचो. डुकरीण गाभण राहिली की तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, म्हणजे एकशे चौदा दिवस. ते दिवस फिलू सांभाळायची. दाराआड खिळ्याला सुतळी टांगलेली, आणि रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना झाली की तिच्यावर एक गाठ. बारीक, एकेरी गाठ, मिऱ्याच्या दाण्याएवढी. शंभरी ओलांडली की ती खोपीत कोरडं गवत पसरायला घ्यायची. तिचा दिवस कधी चुकला नाही. फार तर एक इकडे, एक तिकडे.

त्या वर्षी लाली नावाची डुकरीण गाभण होती, आणि गावातून वेलांकणी माउलीच्या यात्रेची गाडी निघणार होती. माझे सगळे दोस्त चालले होते. फिलू म्हणाली, जनावर नेमकं त्याच दिवसांत विणार, मला एकटीला जमायचं नाही, पुढच्या वर्षी जा. बरोबरच होतं तिचं. पण मला जायचं होतं. दुसरं कारण काही नाही. असतं तर लिहिलं असतं.

ती भाजी घेऊन वसईच्या बाजारात गेली तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. नवाच होता, पोरगेला. लवकर वितं करायचं इंजेक्शन असतं हे मी ऐकलं होतं. त्यानं मला समजेल असं सांगितलं. म्हणाला, काका, गर्भपिशवीला आतून बारीक बारीक कान असतात. हे औषध म्हणजे हाक. दिवस भरले की जनावराचं अंग स्वतःच ती हाक मारतं, कान ऐकतात, पिशवी आवळते, पिल्लं बाहेर येतात. "पण हाक खरी की खोटी, ते या कानांना कळत नाही. आधी मारली तरी ऐकतील. म्हणून विचारतो, दिवस किती झाले?"

मी म्हटलं, एकशे बारा.

सुतळीवर एकशे दोन होत्या.

बायको गाठी मारते म्हटल्यावर तो म्हणाला, दाखवा. मी आत गेलो. दाराआड उभा राहिलो आणि दहा गाठी मारल्या. डुकराचे पाय बांधायची माझी दुहेरी गाठ, हाताला तेवढीच येते. त्यानं मोजल्या. बाईंचं काम पक्कं दिसतंय, म्हणाला, आणि लालीच्या कानामागे सुई टोचली.

त्या संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर फिलूनं रोजच्यासारखी एक गाठ मारली. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. थांबली का ती जरा? की मला आता तसं वाटतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी लाली व्याली. अकरा पिल्लं. अंगावर केस नाहीत, कातडी ओल्या कागदासारखी. सात मेलेलीच. उरलेली चार तोंड उघडून धापा टाकत होती. फिलूनं त्यांना टोपलीत घालून चुलीजवळ ठेवलं, बोटावरून दूध पाजायला बघितलं. ओढायची ताकद नव्हती त्यांच्यात. चारही गेली. ती म्हणत राहिली, दिवस भरले नव्हते, दिवस भरले नव्हते. इंजेक्शनाचं मी बोललो नाही. सुतळी काढली आणि तिच्यासमोर मोठ्यानं मोजली, एकशे तेरा. म्हटलं, तुझ्या गाठींनी दिवस भरलेत; नसतील भरले तर तू कधी कधी दोन-दोन मारल्यास. तुला मोजायला येत नाही.

तिनं सुतळी हातात घेतली. बराच वेळ धरून होती. मग म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल."

तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो. अकरा पिल्लं तिनं एकटीनं केळीखाली पुरली. लाली दोन दिवस गवत उकरून पिल्लं शोधत होती, हे शेजारणीनं सांगितलं. फिलूनं नाही सांगितलं. मी तिकडे मेणबत्ती लावून आलो. कशासाठी? ते विचारू नका.

त्यानंतर ती मोजायची थांबली. मी ते चालू दिलं. चारचौघांत हसायचो सुद्धा – आमच्या हिला अकरा म्हणजे किती ते विचारा.

जुड्या बांधल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. बायका तिला साडी नेसवत होत्या. हातात द्यायला माळ हवी म्हणून मी तिचा बटवा उघडला. तो मी कधी उघडला नव्हता. माळेखाली सुतळी होती, गुंडाळलेली, तेलकट झालेली. मी खिडकीशी नेऊन मोजली. एकशे दोन बारीक गाठी. पुढे वीतभर मोकळी जागा, तिथं सुतळी वाकडीतिकडी, दुहेरी गाठी उकलल्याची. आणि त्यापुढे परत एक बारीक गाठ. तिची.

नेमक्या माझ्याच दहा सोडवल्या होत्या.

लाज वाटली म्हणू? नाही. पहिला राग आला. हिनं मला फसवलं, असं वाटलं. मी समजत होतो मी हिला फसवतोय, आणि ही माझी चोरी बटव्यात घेऊन रोज संध्याकाळी माझ्या शेजारी गुडघे टेकत होती. एक शिवी दिली असती. एकदा ती सुतळी माझ्या पुढ्यात टाकली असती. नाही. नुसतं विचारायची, किती झाल्या, नीट मोजल्या ना – आणि मी मोजत बसायचो. मला, ज्यानं हे केलं त्याला, दगा झाल्यासारखं वाटलं. अजून वाटतं. असला माणूस आहे मी.

बाहेरून थोरलीनं हाक मारली, "पप्पा, माळ." मी सुतळी खिशात घातली आणि माळ नेऊन दिली. तिनं ती फिलूच्या बोटांत गुंडाळली. बसलेल्या बायकांना रडत रडत सांगू लागली, मम्मीला बिचारीला कधी मोजता आलं नाही, माळेचे मणीसुद्धा चुकायची, सगळं पप्पांनाच मोजावं लागायचं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाय पप्पा?"

मी म्हटलं, हो.