गिळलेली ओळ

"अन् फुडं?"

कुणी काहीही सांगितलं की मावशींचा हा प्रश्न ठरलेला. डॉक्टर म्हणाले, आज सलाईन लावू. अन् फुडं? मी म्हणाले, मळमळेल. अन् फुडं? विचारताना त्या डाव्या हाताचा तळवा उघडा धरायच्या, बाकीचं इथं ठेवा म्हटल्यासारखा. नांदेडला केमोच्या वॉर्डात मी वीस वर्षं नर्स आहे. इतका सरळ प्रश्न विचारणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही आणि इतकी चुकवाचुकवीची उत्तरंही मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाहीत.

मावशी हदगावकडच्या, घरची कपाशी. पोट फुगतं म्हणून गावात वर्षभर त्यांना गॅसच्या गोळ्या चारल्या. अंडाशयाची गाठ सापडली तेव्हा ती पोटभर पसरली होती. तुम्ही असे वॉर्ड पाहिले असतील तर हेही पाहिलं असेल: बाई खाटेवर, फाइल मुलाच्या हातात आणि डॉक्टर बोलतात ते तिच्या डोक्यावरून मुलाशी. मुलानं आम्हाला बजावलं होतं, आईसमोर कॅन्सर म्हणायचं नाही, पाण्याची गाठ म्हणायचं. आम्ही म्हणत होतो. पोट तिचं, आजार तिचा आणि तिच्यापासूनच चोरी. आज लिहितानाही माझं डोकं तापतं.

मावशींना सगळं कळत होतं. पहिल्या औषधानं गाठ विरली, सहा महिन्यांनी परत आली आणि त्याच औषधाला दाद देईना. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बोंडअळीचं असंच झालं बाई. नवं बी आलं तवा अळी दिसली न्हाई. मंग अळीच त्या बियाला भिईना." नर्सिंगच्या मुलींना मी हे इतकं सोपं करून कधी शिकवू शकले नव्हते.

म्हणूनच पेपरात ती बातमी दिसली तेव्हा मी कात्रण घेऊन त्यांच्याकडे गेले. मूळ पेशींमध्ये, म्हणजे स्टेम सेलमध्ये, फेरफार करायचा आणि त्या पोटात सोडायच्या. त्या गाठीचा माग काढत जातात आणि सोबत नेलेलं औषध गाठीपाशीच कामाला लागतं. जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या अंडाशयाच्या गाठींसाठीच हा खटाटोप होता. मावशी उठून बसल्या. "आमी कपाशीत सापळे लावताव, वासावर पतंग येऊन फसतंय. हितं सापळाच अळीला धुंडत जातोय म्हणा की."

अगदी तसंच, मी म्हणाले.

"अन् फुडं?"

शेवटची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. हे सगळं अजून प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच झालं आहे, माणसांपर्यंत यायला वेळ लागेल. मुलगा शेजारी उभा होता. मावशींना वाचता येत नव्हतं. बातमी संपली, असं म्हणून मी कात्रण त्यांच्या हातात दिलं. पेशंटला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मी पाळली.

पुढच्या सोमवारी त्यांची तारीख होती, त्या आल्या नाहीत. मुलानं 'स्टेम सेल' एवढे दोन शब्द धरून मोबाइलवर शोधाशोध केली होती आणि आईला लातूरकडच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं गुडघेदुखीपासून कॅन्सरपर्यंत सगळ्यांना एकच इंजेक्शन. त्या पेशी कुठल्या, कुणाच्या, कुणी सांगत नव्हतं. असल्या माणसाला डॉक्टर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मावशींनी त्यालाही विचारलंच, अन् फुडं? तो म्हणाला, पुढं विश्वास ठेवायचा. आमच्या डॉक्टरांनी दुसरं औषध ठरवून ठेवलं होतं, ते यात तीन आठवडे लांबलं. परतल्या तेव्हा अंगात ताप होता आणि पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं.

मुलाला औषध आणायला पाठवून त्यांनी पिशवीतून कात्रण काढलं.

"येताना यष्टीत शेजारी एक बाई व्हती. तिनं समदं वाचलं. तिची माझी वळख न्हाई, म्हणून वाचलं. तुमची वळख हाय, म्हणून तुमी शेवटचं गिळलं."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तळवा उघडला. "अन् फुडं?"

मी सगळं सांगितलं. कॅन्सर म्हणाले. त्या पेशी तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत म्हणाले. दुसरं औषध लागू पडलं तर काही महिने, नाहीतर त्याहून कमी. तीन आठवडे वाया गेले त्यात माझाही हात आहे, हेही सांगितलं. तळवा मिटला. पुढं काय, हे त्यांनी त्या दिवशी परत विचारलं नाही. कपाशीची पहिली वेचणी बघायला मिळेल का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, बहुतेक मिळेल.

नंतर दोन वेळा त्या आल्या, फाइल स्वतःच्या मांडीवर घेऊन. डॉक्टर मुलाकडे वळले की त्या फाइलवर बोट वाजवायच्या. तिसऱ्या वेळी मुलगा फाइल घेऊन एकटाच आला. पहिली वेचणी आईनं बांधावर खाटेवर पडून पाहिली, म्हणाला. लेकीसुनांना जवळ बसवून, पोट फुगलं तर गोळ्या खात बसू नका, आजाराचं नाव घेऊन विचारा, असं बजावलं आणि चार दिवसांत गेली.

"आईला कुणी सांगितलं?"

मी सांगितलं, म्हणाले.

"लई वाईट केलं बाई तुमी."

त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण तो रडत होता. फाइल उघडली तर पहिल्याच कागदावर ते कात्रण टाचलेलं होतं. त्याला समोर बसवलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. मी वाईट केलं होतं ते कुठल्या ओळीपाशी, हे त्याला कळायला हवं होतं. या वेळी ती ओळ मी दोनदा वाचली.