एका ओळीची फाईल

फॉर्म बनवायला मला कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले, असं मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता सांगत नाही.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. पप्पा ट्रॅकमन होते. बी.सी.ए.ला होते तेव्हा आमच्या लॅबमधले निम्म्याहून जास्त कॉम्प्युटर बंद असायचे. सर प्रोग्रॅम फळ्यावर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो आणि परीक्षेत वहीतलं पेपरात. फाईल कशी उघडायची, तिच्यात कसं लिहायचं, हा भाग सरांनी अर्ध्या तासात उरकला. "फाईल उघडताना डब्ल्यू टाकायचं. डब्ल्यू म्हणजे राईट." मी ते लाल पेनानं चौकट करून लिहून घेतलं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मला पैकीच्या पैकी मिळाले.

पुढं तेच सर शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात विभागप्रमुख झाले. त्यांनीच मला तिथं लॅब असिस्टंट म्हणून बोलावलं. अकरा महिन्यांची ऑर्डर, ती संपली की पुन्हा अकरा महिन्यांची. पण आमच्या ओळीत कॉलेजात नोकरीला लागलेली मी पहिलीच. विहारात फूल देऊन माझा सत्कार झाला, आणि पप्पांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. सरांचे उपकार मी मानत होते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे केलं त्यात भीती जितकी होती तितकेच हे उपकारही होते.

मी शिरूरला खोली घेऊन राहायचे. शनिवारी एसटीनं दौंडला यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं परत.

त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कंपनीनं कॉलेजकडं ट्रेनिंगसाठी पोरं मागितली. वर्षभर शिकायचं, शिकताना पगार, आणि काम जमलं तर पुढं कायम. कॉलेजनं अर्ज मागवायचे आणि मार्कांप्रमाणं वरच्या वीस जणांची यादी पाठवायची, असं ठरलं. सरांनी प्राचार्यांना सांगून टाकलं, "अर्ज ऑनलाईन घेऊ. आमचा विभाग वेबसाईटवर फॉर्म तयार करेल."

मी म्हणाले, "सर, गुगल फॉर्म करू? दहा मिनिटांचं काम आहे."

"अगं, पुढच्या महिन्यात तपासणीची समिती येतेय. त्यांना काय गुगल दाखवू? विभागानं स्वतः केलेलं पाहिजे. तू कर, चार ओळींची तर स्क्रिप्ट आहे."

डेटाबेसचा पासवर्ड वेबसाईट सांभाळणाऱ्या माणसाकडं होता आणि तो फोन उचलत नव्हता. मग मी ठरवलं, पोरगं फॉर्म भरेल, बटण दाबेल, आणि स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्याचं नाव, वर्ग, मार्क, फोन एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवेल. एका पोराची एक ओळ.

पहिले दोन दिवस फाईलमध्ये नुसते स्वल्पविराम पडत होते. नाव नाही, मार्क नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, "बघ जरा, तुझंच काहीतरी चुकलं असेल." ती चूक कुठं असते हे त्यांनाही माहीत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी मी इंटरनेटवर नवशिक्यांच्या एका मंचावर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. एकानं लिहिलं, आधी पुस्तक वाच. दुसऱ्यानं हसण्याचं चित्र टाकलं. तिसऱ्यानं एवढंच विचारलं, की फाईल डब्ल्यूनं उघडतेस की 'ए'नं? मी लिहिलं, डब्ल्यूनं, सर. त्यावर त्यानं लांबलचक उत्तर दिलं होतं. पण तेवढ्यात माझा घोळ मलाच सापडला. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला स्क्रिप्टसाठी एक नाव द्यावं लागतं, ते मी दिलंच नव्हतं. नाव नसलेला रकाना स्क्रिप्टला दिसतच नाही. नावं दिली आणि फाईलमध्ये माझी सगळी माहिती नीट उमटली. मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. त्या माणसाचं उत्तर मी उघडलंच नाही.

मग पप्पांच्या नावानं एक खोटा अर्ज भरून पाहिला. फाईलमध्ये पप्पांचं नाव होतं. माझं नव्हतं. ते मला दिसलं, आणि मला काय वाटलं? बरं झालं, चाचणीचा कचरा आपोआप गेला.

अर्जाच्या दिवशी सकाळी दहापासून लॅबबाहेर रांग लागली. ज्यांचे मोबाईल धड चालत होते त्यांनी मोबाईलवर भरले, बाकीचे लॅबमध्ये आले. त्यात वडगाव रासाईची एक पोरगी होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची. आमच्याच समाजातली, पहिल्या वर्षी प्रवेश घेताना माझं आडनाव बोर्डावर वाचून ती माझ्याकडं आली होती आणि हळूच "जय भीम, मॅडम" म्हणाली होती. वर्गात तिच्यापेक्षा जास्त मार्क दोघांचेच होते.

तिला कीबोर्डची सवय नव्हती. मी म्हणाले, "थांब, मी भरते."

"नगं मॅडम, माझी मी भरते. तिथं कंपनीत कोण भरून देणार हाय?"

एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं फॉर्म भरला. मार्क तीनदा गुणपत्रिकेशी ताडून पाहिले. बटण दाबल्यावर स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, की तुमचा अर्ज मिळाला. तिनं मान वर केली.

"मॅडम, गेलं का?"

"गेलं," मी म्हणाले.

पाच वाजता सरांनी यादी मागितली. मी फाईल उघडली. तिच्यात एक ओळ होती. सर्वांत शेवटी आलेल्या एका मुलाची. मला वाटलं, मी चुकीची फाईल उघडली. बंद करून पुन्हा उघडली. दुसऱ्या फोल्डरमध्ये शोधलं. वेबसाईटवाल्याला सात वेळा फोन केला, त्यानं सातव्यांदा उचलला आणि म्हणाला, बॅकअप नाही. मग मी मंचावरचं ते लांबलचक उत्तर उघडलं. शब्दकोश घेऊन बसायची गरज नव्हती, सोपं इंग्रजी होतं. डब्ल्यूनं फाईल उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं आणि मग नवीन लिहिलं जातं. आधीचं राखून शेवटी जोडायचं असेल तर ए. शंभरावर पोरं आली होती, आणि प्रत्येकानं आपल्या आधीच्याला पुसलं होतं.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही सर. पण कंपनीला यादी पाठवायची शेवटची तारीख परवा आहे. उद्या सगळ्यांना परत बोलावू. ग्रुपवर टाकते, मी आता दुरुस्त करते, एका अक्षराचं काम आहे."

"आणि समितीपुढं काय सांगू? आमच्या विभागाला फॉर्म जमला नाही?"

"सर, तुम्हीच डब्ल्यू शिकवलं होतं."

हे मी बोलले नाही. बोलले असं मला कित्येकदा वाटतं, पण नाही बोलले. मी म्हणाले, "माझं चुकलं सर."

"चुकलंय ना? मग आता मी सांगतो ते कर."

त्यांनी वहीचं पान काढलं आणि वीस नावं लिहिली. वेळ लागला नाही. संचालकांचा पुतण्या, सोसायटीच्या चेअरमनचा भाचा, सरांच्या घरमालकाची मुलगी. मधे तीनचार खरोखर हुशार पोरं, यादी बरी दिसावी म्हणून. त्यातल्या कित्येकांना मी दिवसभरात लॅबमध्ये पाहिलंही नव्हतं. मार्क त्यांनी कार्यालयातून मागवून घेतले. खरे मार्क. वरच्या मार्कांच्या ज्या पोरांची नावं नव्हती, त्यांनी अर्जच केला नाही, एवढंच म्हणायचं होतं.

"फाईलमध्ये टाक. अर्जाची वेळ पण टाक, वेगवेगळी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

मी टाकली. दहा वाजून सात मिनिटं, दहा वाजून एकोणीस, जेवणाच्या सुट्टीत थोडी कमी, तीननंतर थोडी जास्त. खऱ्यासारखी दिसावी म्हणून मी डोकं लावलं. कुणी मला ते सांगितलं नव्हतं. अर्ज मला नीट साठवता आले नाहीत, पण खोटी फाईल अशी जमली की तिच्यात कुणाला खोट सापडली नसती.

शनिवारी दौंडला गेले तेव्हा पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"रुळाला तडा दिसला तर आम्ही गाडी थांबवतो," ते म्हणाले. "साहेब काय म्हणंल हे मागनं बघतो."

"तुमची नोकरी कायम होती पप्पा," मी म्हणाले. मी त्यांना गप्प केलं याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं.

यादी बोर्डावर लागली. दुसऱ्या दिवशी वडगावची पोरगी लॅबमध्ये आली. रडत नव्हती, भांडायलाही आली नव्हती. दारातच उभी राहिली.

"मॅडम, माझ्यापेक्षा कमी मार्कांची पोरं लागली. माझं फॉर्ममधी काय चुकलं?"

मी स्क्रीनकडं बघत राहिले. "तुझा अर्जच नाही आला बघ. शेवटचं बटण दाबलं होतंस का?"

"दाबलं व्हतं. तुमीच म्हणालात, गेलं म्हणून."

"गर्दी होती गं. मी नीट पाहिलं नसेल."

ती जरा वेळ आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत राहिली. "दाबलं व्हतं," पुन्हा म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई तर नसंल लागलं नीट. मला सवय न्हाई ना." आणि गेली.

समिती आली. सरांनी पडद्यावर फॉर्म दाखवला. मी मागं चहाच्या कपांजवळ उभी होते. समितीतल्या एका बाईंनी अहवालात विभागाचं कौतुक लिहिलं, आणि दोन-तीन महिन्यांनी जुनी ऑर्डर संपली तेव्हा मला पुन्हा अकरा महिन्यांची मिळाली.

जवळजवळ वर्षानं मी यवतला एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. आहेराच्या पाकिटासाठी हायवेलगतच्या एका झेरॉक्सच्या दुकानात शिरले, तर काऊंटरमागं ती. उत्पन्नाचे दाखले, शेतीचे उतारे, परीक्षांचे फॉर्म, लोकांसाठी भरून देत होती. दहाही बोटांनी, कीबोर्डकडं न बघता. मला पाहून हसली, खुर्ची पुसून दिली.

"बसा मॅडम. बघा, आता शिकले मी. एकेक फॉर्म दोनदोनदा तपासती. तवाच्यासारखं न्हाई आता."

मला तिथून निघून जाता आलं असतं. लग्नाची घाईही होती. पण ते "तवाच्यासारखं न्हाई" मला ऐकवेना. मी सगळं सांगितलं. डब्ल्यू, एक ओळ, वीस नावं, मी टाकलेल्या वेळा. एक म्हातारे आबा दाखल्यासाठी थांबले होते. त्यांना ती म्हणाली, "आबा, जरा बाहेर बसा." मग माझ्याकडं वळली.

"म्हंजी माझं गेलं व्हतं?"

"गेलं होतं."

"आन् तुमाला ठावं व्हतं? मी आले तवा?"

"हो."

"मी वर्षभर ह्या बोटाला शिव्या दिल्या मॅडम. घरी आईला पण तसंच सांगितलं, की माझ्याच हातनं झालं." तिचा आवाज चढला नाही. "सरांचं मी समजू शकते. ते आपल्यातले न्हाईत. तुमी?"

मी नुसतं माफ कर म्हणाले, ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

"हे सगळं लिहून द्या. सही करून."

"यानं तुला आता काय मिळणार?"

"ते माझं मी बघते. तुमी लिहा."

माझी ऑर्डर संपायला तेव्हा तीन महिने होते. पेन हातात घेऊन मी त्याचा विचार केला, हे खरं आहे. मग लिहिलं. दीड पान झालं. तिनं वाचलं, एका जागी बोट ठेवून म्हणाली, "हितं तारीख राहिली," आणि तारीख घातल्यावर तीन प्रती काढल्या. मूळ कागद स्वतःकडं ठेवला. झेरॉक्सचे पैसे मी देऊ केले ते घेतले नाहीत. बाहेरच्या आबांना हाक मारली. लग्नाला मी गेले नाही.

तिनं एक प्रत प्राचार्यांना पाठवली, एक संस्थेच्या कार्यालयात, एक कंपनीत. कंपनीनं कळवलं की ती तुकडी पूर्ण झाली आहे आणि चालू वर्षी उत्तीर्ण झालेल्यांनाच घेतलं जातं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलंही नाही. शिपायानं लॅबच्या किल्ल्या मागून घेतल्या. खोली सोडून मी दौंडला आले, तेव्हा पप्पांनी सामान उतरवून घेतलं.

दोन महिन्यांनी तिचा मेसेज आला. कॉलेजनं तिला दिलेल्या उत्तराचा फोटो होता. सदर प्रकार तांत्रिक चुकीमुळे घडला असून संबंधित कंत्राटी कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. यादीबद्दल अवाक्षर नव्हतं. त्या वीस जणांतले बहुतेक कंपनीत कायम झाले होते.

फोटोखाली तिनं लिहिलं होतं, "तुमचं पण गेलं?"

मी लिहिलं, "हो."

तिनं वाचल्याची निळी खूण आली. त्यानंतर तिचा मेसेज आला नाही, आणि मीही केला नाही.