मत नसलेल्या साहेबांचं भांडण

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातल्या दोन इंग्रज साहेबांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ऑफिस मनामात होतं, जहाजांच्या एजन्सीचं. मी तिथे स्टेनो होते. रत्नागिरीला इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले होते, ते लग्नानंतर बहारीनमध्ये उपयोगी पडलं. आमचे हे अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात फिटर. त्यांची शिफ्ट, माझं ऑफिस. घरी एकमेकांची गाठ पडली तर पडली.

मोठे साहेब पन्नाशीचे, उंच, लाल मानेचे. बंदराशी होणारा सगळा पत्रव्यवहार त्यांच्या सहीने जायचा. धाकटे साहेब पस्तिशीचे, ते जहाजांचं काम बघायचे. दोघांची टेबलं एकाच केबिनमध्ये समोरासमोर आणि दोघांना मिळून मी एकटी. वर्षभर सगळं सुरळीत होतं. मग त्यांच्या देशात ठरलं की युरोपच्या सामायिक बाजारात राहायचं की बाहेर पडायचं हे लोकांचं मत घेऊन ठरवायचं. झालं. मोठे साहेब बाहेर पडायच्या बाजूचे, धाकटे राहायच्या.

पहिले काही दिवस मला गंमत वाटली. मोठे साहेब म्हणायचे, न्यूझीलंडचं स्वस्त लोणी आणि मटण सोडून आम्ही फ्रेंच शेतकऱ्यांना का पोसायचं? आमचे कायदे परक्यांनी का करायचे? धाकटे म्हणायचे, साम्राज्य गेलं, आता शेजाऱ्यांशी व्यापार केला नाही तर कारखाने बंद पडतील. पण हे रोज सकाळी सात वाजता सुरू व्हायला लागलं, तेव्हा गंमत संपली. विमानाने येणारी लंडनची पेपरं दोन दिवस शिळी असायची, त्यामुळे भांडणही दोन दिवस शिळं. एकदा धाकट्या साहेबांनी चहाबरोबर त्याच बाजारातल्या डेन्मार्कच्या बिस्किटांचा डबा आणला. मोठ्या साहेबांनी तो उचलून बाहेरच्या खोलीत, आमच्या टेबलावर ठेवला. आम्ही बिस्किटं खाल्ली. त्या बाजाराचा मला झालेला तेवढाच फायदा.

मग दोघांना पेपरात पत्रं लिहायची हुक्की आली. सकाळी मोठे साहेब डिक्टेशन द्यायचे, की बाहेर पडा. दुपारी धाकटे साहेब द्यायचे, की राहा. दोन्ही पत्रं मीच टाइप करायची, कार्बन घालून, तीन-तीन प्रतींत. धाकटे साहेब मला विचारायचे, "त्यांनी आज काय लिहिलं?" मी म्हणायची, "सर, ते मी सांगू शकत नाही." मोठे साहेबही तेच विचारायचे आणि तेच उत्तर ऐकून नाराज व्हायचे.

त्यातच बँकांचा विषय शिरला. लंडनमध्ये काही लहान बँका अडचणीत आल्या होत्या. जास्त व्याज देऊन लोकांकडून ठेवी घ्यायच्या आणि जमिनी-इमारतींत घालायच्या, असा त्यांचा धंदा. जमिनींचे भाव कोसळले तशा या बँका डगमगल्या आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेने मोठ्या बँकांना हाताशी धरून त्यांना सावरलं. मोठे साहेब यावर फार चिडलेले. त्यांनी एक लांबलचक पत्र सांगितलं: हावरटपणाने बुडणाऱ्यांना बुडू द्यावं, प्रामाणिक माणसाने त्यांचा भार का उचलावा, वगैरे. मी ते टाइप करून सहीला ठेवलं. लगेच त्यांनी दुसरं पत्र सांगायला घेतलं, खाजगी. ते लंडनच्या अशाच एका लहान बँकेला होतं. साहेबांची निवृत्तीसाठीची सगळी शिल्लक तिथे ठेवलेली होती. मध्यवर्ती बँकेचा आधार मिळाल्याचं वाचून हायसं वाटलं, आपली ठेव आता सुरक्षित आहे असं लेखी कळवावं, अशी विनंती.

मी वहीवरून मान वर करून पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही पत्रं एकाच टपालाने गेली.

घरी यांना सांगितलं तर हे हसत सुटले. म्हणाले, "अगं, माणूस म्हटला की असंच."

"तुम्हाला हसायला काय जातंय?" मी म्हटलं. "शुद्धलेखन मला तपासावं लागतं."

मे महिना संपता संपता दोघांनी बोलणंच बंद केलं. समोरासमोर बसून ते मला म्हणायचे, "त्यांना सांगा, फाइल इकडे द्या." मी वळायची आणि तीन हातांवर बसलेल्या माणसाला तेच वाक्य परत सांगायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा.

त्या काळात आखातातल्या बंदरांत इतकी जहाजं यायची की धक्क्याला लागायला आठवडे थांबावं लागे. मुंबईहून कांदा घेऊन आलेलं आमचं एक जहाज असंच बाहेर नांगर टाकून उभं होतं. एका सकाळी बंदरातून टेलेक्स आला: उद्या पहाटे धक्का मोकळा आहे, दुपारी एकच्या आत होकार कळवा, नाहीतर पुढच्याला देऊ. कागद घेऊन मी मोठ्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "जहाज त्यांचं आहे. त्यांना सांगा." धाकट्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बंदराच्या पत्रावर सही त्यांची लागते. त्यांना सांगा." मी परत मोठ्यांकडे. ते म्हणाले, "आधी त्यांना लेखी मागू द्या." मी परत धाकट्यांकडे. ते फोनवर होते, हाताने थांबा म्हणाले. मी थांबले. एक वाजून गेला.

जहाज पुन्हा रांगेत गेलं. बाहेर असं ऊन की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा, आणि जहाजाच्या पोटात कांद्याची पोती. मुंबईच्या व्यापाऱ्याचे टेलेक्स दर तासाला यायला लागले. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं.

"मला वेळेवर का कळवलं नाही?"

"दोनदा कळवलं, सर. कागद तुमच्या टेबलावरच आहे."

"मग तुम्ही आग्रह धरायला हवा होता."

मी बाहेर येऊन टेबलाशी बसले. रडू येत नव्हतं, नुसता संताप.

मदतीला आले ते हाजी. हाजी आमचे बंदराचे क्लार्क, मुहर्रकचे, साठीच्या जवळ आलेले. तरुणपणी खजुराच्या व्यापारात मुंबईला जाऊन-येऊन असायचे, त्यामुळे हिंदी स्वच्छ बोलायचे आणि मला बहन म्हणायचे. टेलेक्सची प्रत घडी करून त्यांनी खिशात घातली. "मफी मुश्किल, बहन," काही अडचण नाही, असं म्हणाले आणि निघाले. दोन दिवस ते बंदराच्या ऑफिसात जाऊन नुसते बसले. ज्याला त्याला सलाम, ज्याच्या त्याच्या घरच्यांची चौकशी. तिसऱ्या दिवशी धक्का मिळाला. निम्मा कांदा मात्र फेकावा लागला.

त्या दिवशी मी एक कागद टाइप केला. दोनच ओळी: यापुढे मी फक्त जहाजांची पत्रं टाइप करीन. तोंडी निरोप पोचवणार नाही. दोन प्रती काढून दोघांच्या टेबलांवर ठेवल्या. नोकरी जाईल अशी भीती होतीच. धाकटे साहेब वाचून ओशाळले. मोठ्या साहेबांनी कागद खणात टाकला. त्या दिवसापासून निरोप बंद झाले.

मतदानाचा दिवस आला. एवढं रामायण झाल्यावर मी सहज धाकट्या साहेबांना विचारलं, "तुमची मतं पोस्टाने गेली का?"

"आम्हाला मत नाही," ते म्हणाले. "परदेशात राहणाऱ्यांना मतदान करता येत नाही."

"तुम्हाला दोघांनाही?"

"दोघांनाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तीन महिने पत्रं, टाइपरायटरच्या रिबिनी, निम्मं जहाज कांदा. आणि दोघांना मतच नव्हतं. निकाल राहायच्या बाजूने लागला. मोठे साहेब आठवडाभर घुम्यासारखे होते, मग पुन्हा बोलायला लागले. त्याच महिन्यात आपल्याकडे आणीबाणी लागली आणि आमच्या खोलीत यांचे कारखान्यातले मित्र जमून तावातावाने वाद घालायला लागले. मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "तुमच्यापैकी मत कुणाला आहे?" सगळ्यांनी चहाचे कप उचलले.

पुढे धाकटे साहेब बदलून गेले. मोठे साहेब राहिले, जनाबियाला मोठ्या घरात राहायला गेले. मीही राहिले.

सात वर्षांनी कुवेतचा शेअरबाजार कोसळला. तिथे पुढच्या तारखांचे चेक देऊन लोक शेअर घ्यायचे आणि ते चेक एका दिवसात खोटे ठरले. हाजींनी मुहर्रकमधला एक जमिनीचा तुकडा विकून कुवेतमधल्या भाच्यामार्फत शेअर घेतले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. हाजी ऑफिसात यायचे, बसायचे, पण बंदरात जायचं विसरायचे. कुवेत सरकार लहान गुंतवणूकदारांना काहीतरी देणार अशी बातमी होती. हाजी म्हणाले, "सरकार देगी, इंशाल्ला."

मोठे साहेब केबिनच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "का देईल? हावरटपणा करायचा आणि बुडालं की सरकारकडे हात पसरायचा. अशांना बुडू द्यावं."

हाजींनी मान खाली घातली. मी टाइप करायचं थांबवलं. इतकी वर्षं मी साहेबांचं एकही पत्र कुणाला कळू दिलं नव्हतं; घरी यांना सांगितलं तेवढंच.

"सर," मी म्हटलं, "लंडनच्या बँकेचं तुम्हाला उत्तर आलं तेव्हा ते मीच फाइलला लावलं होतं. ठेव सुरक्षित आहे, असं लिहिलं होतं."

साहेबांची मान आणखी लाल झाली. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. हाजींना काही कळलं नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मशीनकडे पाहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणसाची खाजगी गोष्ट चारचौघांत उघडी केली, ही टोचणी घरी जाईपर्यंत लागून राहिली. यांना सांगितलं तर या वेळी हे हसले नाहीत. "बोललीस ते खरंच होतं," म्हणाले, "पण नोकरीचं बघ."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं, हाजींनाही. मला वाटलं, झालं. पण साहेब म्हणाले, "वही घ्या. हाजींचा अर्ज लिहायचा आहे." कुवेतमधल्या कमिटीकडे भाच्याच्या नावाने तो जायचा होता. साहेबांनी तासभर सांगितलं. बाजारावर लक्ष ठेवणं हे सरकारचं काम, ते झालं नाही, त्याची शिक्षा आयुष्यभर राबलेल्या लहान माणसाला का? फार चांगलं पत्र होतं. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलेलं सगळ्यात चांगलं. शेवटी साहेब हाजींना म्हणाले, "काल मी बोललो ते चुकलं."

हाजी म्हणाले, "खलास, साहेब." म्हणजे झालं गेलं संपलं.

मला मात्र ते काहीच म्हणाले नाहीत. एक स्वल्पविराम चुकला म्हणून सगळं पान पुन्हा टाइप करायला लावलं.

अर्जाचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं. तोवर मोठे साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेले होते. हाजींना बुडालेल्यातलं थोडंफार मिळालं. किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिन्याभराने एका सकाळी ते खुशीत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, भाच्याने एक नवी कंपनी सुचवली आहे, मिळालेल्या पैशांतले थोडे तिकडे घातले. मी मशीनवरचं कव्हर काढत होते. ते तसंच हातात धरून मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे दोन दिवस त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही.