मनात वेचलेला कापूस

दारव्ह्याच्या महाविद्यालयातील प्रदर्शनात मी परीक्षक होतो. विद्यार्थ्यांनी डोक्याला बांधायचा एक पट्टा केला होता. हात हलवण्याचा नुसता विचार केला, की पडद्यावरच्या खेळातली गाडी वळायची. ज्याला जमेल त्याला पुढच्या चाचण्यांसाठी नागपूरला नेणार होते. कुणालाच जमेना.

मग गर्दीतून एक तरुण पुढे आला. त्याचे दोन्ही हात कोपरापासून नव्हते. मळणी यंत्रात गेलेले. पट्टा बांधताच त्याचे खांदे आळीपाळीने हलू लागले आणि गाडी सरसर वळणे घेत सुटली.

"अबे, पऱ्हाटीत शिरला काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडले.

"हो ना बे!" तो हसला. मग मला म्हणाला, "गुरुजी, मी मनात पऱ्हाटीतला कापूस येचून राह्यलो. उजव्या हातानं येचला का गाडी उजवीकडे जाते. हात गेले, पण येचणं नाही गेलं."

मला ते खरे वाटेना. 'खांदे हलवून लबाडी केली,' असा शेरा मी लिहिला. मुलांनी पट्टा काढून घेतला. तो निघून गेला.

सगळे जेवायला गेल्यावर मी तो पट्टा स्वतः बांधला. खांदे उडवले, जोरजोरात झटकले. गाडी जागची हलली नाही. शेऱ्याचा कागद समोरच होता, पण चूक कबूल करायची लाज वाटली. मी शेरा खोडला नाही.

त्याचे नावही मी विचारले नव्हते. गाडी त्याने मनानेच चालवली होती. लबाडी माझी होती.